आईच्या नावाचा केसपेपर

मानसोपचार शिकून मी संशोधनाच्या कामाला लागले. पहिली लक्षणं दिसल्यापासून उपचार सुरू होईपर्यंत किती काळ जातो आणि तेवढ्यात घरच्यांना आधार कसा द्यायचा, हा आमचा विषय.

खुलताबादच्या पलीकडच्या गावातून एक आई एकोणीस वर्षांच्या धाकट्या मुलीला घेऊन यायची. मुलीला आवाज ऐकू येत. जेवणात कुणीतरी काही कालवलंय म्हणून ती ताट सरकवायची. कधीपासून, असं विचारल्यावर आई म्हणाली, सोयाबीन काढल्यापासून. म्हणजे जेमतेम चार महिने. इतक्या लवकर आमच्याकडे सहसा कुणी येत नाही. गोळ्या लागू पडल्या. दुसऱ्या भेटीत मुलीनं, माझ्या चपला कुठून घेतल्या, ते विचारलं.

तिसऱ्या भेटीत आईनं तिला बाहेर बाकावर बसवलं आणि दार लोटून घेतलं.

"म्याडम, कागदावर माझं नाव घाला. गोळ्या माझ्या म्हणून घरात ऱ्हातील. मला आता कोण बघाया येणार हाय?"

बोलून ती स्वतःच हसली. थोरलीचं लग्न शहरातल्या छावणी भागातल्या एका घरी जमलं होतं. धाकटीच्या नावाची चिठ्ठी कुणाच्या हाती लागली असती तर ते मोडलं असतं. खोटी नोंद करता येत नाही, हे मी माहितीपत्रकातल्यासारख्या पूर्ण वाक्यांत समजावलं. घरच्यांसाठी आमच्या बैठका असतात, तेही सांगितलं.

"व्हय, तुमचं बी बरोबर हाय," ती म्हणाली. त्यानंतर कुणी आलं नाही.

दोनदा फोन केला. पुरुषाच्या आवाजात राँग नंबर म्हणून उत्तर आलं. मग एका दुपारी गोळ्या पर्समध्ये टाकून मीच गेले. दवाखान्याची गाडी फाट्यावर उभी करून चालत.

घरात होणारी विहीण बसली होती. मला बघताच आई मोठ्यानं म्हणाली, "ही थोरलीची मैत्रीण. या बाई, बसा."

मी बसले. चहा आला, चिवडा आला. विहीणबाईंनी विचारलं, कुठं काम करता? ऑफिसात, मी म्हणाले.

धाकटी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली होती. केस विंचरलेले नव्हते, पुढ्यातली बशी सरकवलेली. तिनं मला ओळखलं.

"गोळ्या आणल्या का?"

"कसल्या गं?" विहीणबाई म्हणाल्या.

"डोकं दुखतं तिचं," आई म्हणाली. ती माझ्याकडे बघत होती. मुलगीही.

"नाही आणल्या," मी म्हणाले.

निघताना आईला एकटीला गाठायचं होतं. पण विहीणबाई मोकळ्या स्वभावाच्या निघाल्या. लग्नाला नक्की या, म्हणत त्या माझा हात धरून पार फाटकापर्यंत आल्या. आई त्यांच्या मागे उभी होती. मी येते म्हणाले आणि पर्स न उघडताच फाट्याकडे चालू लागले.