पावडरकाकूंच्या प्लेटलेट्स

दूध आणायला दोन जिने उतरायचे असले तरी काकू तोंडाला पावडर लावल्याशिवाय दार उघडत नसत. एकदा आमच्या विंगमध्ये शॉर्टसर्किट होऊन धूर पसरला आणि सगळे होते त्या कपड्यांत खाली धावले. काकू सर्वांत शेवटी उतरल्या. पावडर लावून, टिकली नीट बसवून. कोणीतरी ओरडलं तर म्हणाल्या, "जळून मेले असते तर निदान चांगली दिसले असते!" वर्तकनगरच्या आमच्या कॉलनीत त्यांना सगळे पावडरकाकू म्हणत. त्यांना ते माहीत होतं, आणि आवडतही होतं.

या सवयीमागचं कारण मला फार उशिरा कळलं. काका अर्धांगवायूने बरीच वर्षं अंथरुणाला खिळले होते. "ह्यांनी डोळे उघडले की समोर माझं रडकं तोंड नको दिसायला. म्हणून पावडर लावायचे," काकू एकदा सहज बोलून गेल्या. "मग हे गेले आणि एक दिवस तोंड धुऊन आरशात बघितलं, तर आत आमची आईच उभी! मी कुठे गेले रे मधल्या मध्ये?"

मी त्यांच्या समोरच्या दारातला. तिशीच्या आतच माझे केस इतके गळले की मी घरातसुद्धा टोपी घालून वावरायला लागलो. मुलगी बघायला जायचा विषय निघाला की माझं डोकं दुखायचं. आई-बाबा माझ्यापुढे गप्प बसत. काकूंना गप्प बसणं जमत नसे.

"निखिल, टोपी काढ. घरात ऊन लागतं का रे?"

मी काढली. त्यांनी चष्मा लावून माझं डोकं लिंबू निवडावं तसं फिरवून पाहिलं आणि म्हणाल्या, "घोडबंदर रोडला एक डॉक्टरबाई आहे. आपलंच रक्त काढते, यंत्रात गरगर फिरवते, आणि त्यातला वरचा पिवळा भाग सुईने परत टोचते. तुला डोक्यात, मला गालात. जाऊ या."

त्यांचा मुलगा महेश कल्याणला राहायचा. त्याला हे कळलं तसा तो रविवारी आला आणि दारातच सुरू झाला, "आई, हे काय या वयात? लोक हसतील."

"हसू देत. रक्त माझं, तोंड माझं. लोकांचं काय जातं?"

"मी नाही येणार तुझ्याबरोबर."

"तुला बोलावलंय कोणी? निखिल आहे." चहा घेऊन तो गेला, पण मला कोपऱ्यात गाठून म्हणाला, "तू तरी समजव ना यार तिला." मी मान डोलावली. समजावलं मात्र नाही, कारण मला एकट्याला जायची हिंमत नव्हती.

डॉक्टरबाई तरुण आणि स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. मला म्हणाल्या, "जिथे मुळं जिवंत आहेत तिथे फरक पडेल. गेलेलं कपाळ परत येणार नाही." काकूंना म्हणाल्या, "त्वचा थोडी तजेलदार होईल, पण तरुणपण मी देऊ शकत नाही." काकू हसल्या. "तरुणपण नकोच गं. फक्त मी दिसले पाहिजे." आधी दोघांच्या रक्ताची तपासणी करायला सांगितली.

रिपोर्ट घेऊन पुन्हा गेलो. माझ्या डोक्याला बधिर करणारं क्रीम लावून बसवलं होतं, शेजारी काकू होत्या. डॉक्टरबाईंनी खुर्ची ओढून काकूंच्या समोर घेतली.

"काकू, तुमच्या प्लेटलेट्स फारच कमी आहेत. या उपचारात त्याच लागतात. मी सुई लावणार नाही. आधी रक्ताच्या डॉक्टरांना दाखवा, आणि लगेच दाखवा."

काकूंनी रिपोर्ट उलटून पाहिला. मग म्हणाल्या, "म्हणजे आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार!"

मी उठलो. "चला काकू, घरी जाऊ."

"बस खाली. क्रीम फुकट घालवतोस का? तुझं तरी होऊ दे." पहिली सुई डोक्यात गेली तसा मी कळवळलो. काकूंनी माझा हात धरला. सुया संपेपर्यंत सोडला नाही.

काकूंच्या हाडांतल्या मज्जेतच बिघाड होता, रक्त नीट तयार होत नव्हतं. वेळेत कळलं म्हणून औषधं सुरू करता आली, असं मोठ्या हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले. महेश त्यांना कल्याणला न्यायला आला, पण काकू आपलं घर सोडायला तयार नव्हत्या. मग तोच ऑफिसातून इकडे यायला लागला. बरं वाटत असलं की काकू माझ्या सुयांच्या दिवशी रिक्षात माझ्याआधी जाऊन बसत. काही महिन्यांनी माझ्या टाळूवर थोडी दाटी आली, कपाळ होतं तिथेच राहिलं. काकूंनी निकाल दिला, "रान नाही झालं, पण गवत आलं."

मध्ये एकदा त्यांच्या हिरड्यांतून रक्त थांबेना. ॲडमिट केलं, प्लेटलेट्स तातडीने हव्या होत्या. माझ्या सुया संपून तोवर बरेच महिने झाले होते, त्यामुळे मला देता येत होत्या, आणि आमचा रक्तगट एकच निघाला. हाताला नळी लावून मी तिथे पडून राहिलो. यंत्र माझं रक्त घेत होतं, त्यातल्या प्लेटलेट्स बाजूला काढून बाकीचं मला परत देत होतं. काचेपलीकडे महेश उभा होता.

दुसऱ्या दिवशी भेटायला गेलो तर काकू उशीला टेकून बसल्या होत्या.

"तुझ्या डोक्यात जायच्या त्या माझ्यात घातल्या म्हणे. आता मीही तुझ्यासारखी लग्नाला घाबरायला लागले तर?"

नर्ससकट सगळे हसले. त्याच महिन्यात मी डोंबिवलीला मुलगी बघायला गेलो, उघड्या डोक्याने. ती मुलगी आज माझी बायको आहे. लग्नात काकू पहिल्या रांगेत बसल्या होत्या आणि फोटोग्राफरला "इकडून काढ, ही बाजू बरी आहे" असं बजावत होत्या.

पुढच्या वर्षी त्या गेल्या. कार्य आटोपल्यावर पाहुणे पांगले आणि महेश जिन्यात बसलेला दिसला. मी शेजारी जाऊन बसलो. 

"निखिल, ती तपासणी झाली नसती तर आजार कळलाच नसता रे. मी अडवत होतो तिला. समज, तिने माझं ऐकलं असतं तर?"

 मी म्हणालो, "महेशदादा, तुझ्या आईने आयुष्यात कधी कोणाचं ऐकलंय का?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. आधी त्याचे खांदे हलले, मग आवाज फुटला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच आम्ही दोघं पोट धरून हसलो. वरच्या मजल्यावरची दारं उघडली, कोणी कोणी डोकावून पाहिलं. पाहू देत म्हटलं.