सदतीसावा फोटो

आसगावहून साळ्याचा फोन आला. माझ्या बायकोचा मोठा भाऊ. म्हणाला, "जवाई, डोळ्याचं आपरेशन झालं. आता मले सप्पा दिसून राहिलं. झाडावरचा कावळा बी दिसते आन कावळ्याचा डोळा बी दिसते. तुमी एक दिवस या. बाईचा एकटीचा फोटो घेऊन या. आन आपली मशीन आणा, माहा बी एक काढून ठेवा. मंग मी गेल्यावर भित्तीले लावाले पोरायची धावपळ नोको."

"हाव," म्हणालो आणि फोन ठेवून दिला.

बाई म्हणजे माझी बायको. पोळ्याच्या आठ दिवस आधी गेली. तेरवीला हा भाऊ आला तेव्हा त्याला दिसत नव्हतं. हार घातलेल्या फोटोच्या पाया पडायचं म्हणून त्याने हात जोडले, ते दुसऱ्याच भिंतीकडे. तिथे खताच्या दुकानाचं कॅलेंडर होतं. कोणी हसलं नाही. मला मात्र बरं वाटलं. कारण हार घातलेला फोटो आधारकार्डावरून मोठा केलेला होता. त्यात ती चोरीत धरून आणल्यासारखी दिसते.

आता त्याला दिसते, आणि फोटो पाहिजे. एकटीचा. आधारचा सोडला तर तो माझ्याजवळ नाही.

चाळीस वर्षं मी फोटोचाच धंदा केला. सातवी नापास. बापाच्या धानाच्या दोन बांध्या होत्या, ती शेती भावाने केली आणि मी कॅमेरा धरला. करडीच्या आजूबाजूच्या गावांत ज्यांची लग्नं झाली, त्यांच्या घरी माझ्या हातचे फोटो आहेत. मेलेला म्हातारा खुर्चीत बसवून, मागून धोतराने बांधून, त्याचाही फोटो काढून दिला आहे. माझ्या घरी बायकोचा माझ्या हातचा एकही नाही. लेकीच्या मोबाईलात दोन आहेत. एकात नाकात नळी आहे. दुसऱ्यात ती नातवाला आंघोळ घालून राहिली, नुसती पाठ दिसते. भावाला काय बहिणीची पाठ दाखवू?

तरी जायचं तर होतंच. एक दिवस जाणं, एक मुक्काम, दुसऱ्या दिवशी परत. म्हाताऱ्याचा एक फोटो. एवढ्याला सामान किती लागते? पण ती बॅग भरायला मला दोन दिवस लागले.

बॅग भरणं तिचं काम होतं. लग्नाच्या आदल्या दिवशी ती खाटेवर धुतलेली चादर टाकायची आणि एकेक वस्तू पुसून मांडायची. लेन्ससाठी तिने आपल्या जुन्या लुगड्याच्या थैल्या शिवल्या होत्या. लेन्सची नावं शिकली नाही, आपली ठेवली. लांबच्या लेन्सला लांबनाक्या, साध्याला रोजचा. एकदा मी तिच्याशी भांडलो आणि बॅग माझी मीच भरली. लग्नघरी पोचून पाहतो तर फ्लॅशचे सेल नाहीत. वऱ्हाड दारात आणि मी किराणा दुकानात. घरी आल्यावर म्हणे, "काहून जी, नवरी अंधारातच आणली का?" चार दिवस तेच. भाजीत मीठ कमी झालं तरी म्हणे, "सेल इसरले जी."

या वेळी मी पण खाटेवर चादर टाकली. धुतलेली नव्हती. सगळं काढून मांडलं.

लांबनाक्या उचलला. म्हातारा काही पळून जाणार नाही, परत ठेवला. स्टँड घेतलं, कारण हात आता कापते. मग आठवलं, भंडाऱ्याला एसटी बदला, पवनीला पुन्हा दुसरी पाहा. ठेवलं. पांढरी छत्री घेतली. ती उघडून फ्लॅशचा उजेड फिरवणारी कोणी नाही, तर छत्री नेऊन काय करू, पावसात धरू? ठेवली. फ्लॅश घेतला, ठेवला, पुन्हा घेतला. त्याचं पुढे सांगतो. आणि जुना रिळाचा कॅमेरा, जो वीस वर्षांपासून बंद आहे आणि ज्याचं रीळही कुठे भेटत नाही, तो मी दोनदा बॅगेत घातला. काहून घातला, ते माझं मला समजलं नाही. दुसऱ्या खेपेला बॅगेत काही जागाच राहिली नाही, म्हणून सगळं उलटं केलं. तेव्हा तळाची पुरचुंडी खाली पडली.

आमच्याकडे पावसाळा म्हणजे बांधीत पाणी आणि भिंतीतही पाणी. लेन्सला आतून बुरशी धरते. शहरातले फोटोवाले त्यासाठी कसल्या तरी पुड्या टाकतात. ती तांदूळ तव्यावर कोरडा भाजायची, फडक्यात बांधायची आणि बॅगेच्या तळाशी ठेवायची. दर महिन्याला बदलायची. माझ्या एकाही लेन्सला कधी बुरशी लागली नाही. या पावसाळ्यात पुरचुंडी कोणी बदलली नव्हती. तांदळात सोंडे झाले होते. गाठ तिच्या हातची. सोडायला जीव होत नव्हता. मग दाताने सोडली.

पुरचुंडीसोबत एक काळी डबी पडली होती. रीळ ज्यात येत असे ती प्लास्टिकची डबी. हलवली तर वाजली. मला न उघडताच समजलं आत काय आहे.

आमच्या पहिल्या कॅमेऱ्याचा आकडा मोडका होता. किती फोटो झाले ते दिसत नसे. एका रिळात छत्तीस. मधेच संपलं आणि तेव्हाच नवरदेव हार घालत असला तर मार खायची पाळी. तिला वाचता येत नव्हतं, पण मोजता येत होतं. तिने छत्तीस धान मोजून पदराच्या टोकाला बांधलं. तांदूळ नाही, टरफलाचं धान, म्हणजे कीड लागत नाही. एका हाताने छत्री धरायची, दुसऱ्याने पदरातून धान काढायची. कॅमेऱ्याचा खटका वाजला की एक धान डबीत. फ्लॅशचा उजेड पाहून नाही, खटका ऐकून. कारण उजेडाचा भरोसा नव्हता, ते तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

पदर रिकामा झाला की ती माझ्या कानाशी येऊन म्हणे, "धान सरलं जी." पण लोक सरत नव्हते. नवरीची मावशी, आतेभाऊ, बँडवाले, सगळ्यांना फोटो पाहिजे. नाही म्हटलं तर भांडण. मग मी खाली, म्हणजे रिकामा, फ्लॅश मारायचो. फ्लॅशच्या पाठीला एक बटण असते. कॅमेऱ्याला हात न लावता ते दाबलं की नुसता लख्ख उजेड पडते. समोरच्याला वाटते फोटो निघाला. तेव्हाचे सगळेच फोटोवाले हे करत. महिनाभराने विचारायला कोणी येत नसे, आलं तर म्हणायचं, डोळे मिटले होते तुमचे. ती छत्रीमागे तोंड लपवून हसायची.

आता खरी गोष्ट सांगतो. रीळ कंजूषपणे भरलं तर छत्तिसाच्या वर एक फोटो निघते. लग्न झालं त्याच वर्षी मी तिला म्हणालो होतो, "सदतीसावा तुहा." आणि मग जिथे जिथे आम्ही गेलो तिथे काम आटपल्यावर, मांडवातल्या खुर्च्या उचलणं सुरू झालं की ती छत्री मिटून ठेवायची, पदर सारखा करायची, केस पाण्याच्या हाताने मागे घ्यायची आणि उभी राहायची. मान थोडी वाकडी. आणि मी बटण दाबायचो. कॅमेऱ्याचं नाही. फ्लॅशचं.

सदतीसावा मी आधीच देऊन टाकलेला असे. कधी नवरीच्या मामाला, कधी सरपंचाला. तिच्याच समोर, तिच्याच छत्रीच्या उजेडात. तेव्हा वाटे, हिचं तोंड तर रोज घरी दिसते, रीळ कायले वाया घालवू. पहिली दोन-तीन वर्षं तिने विचारलं, "निघाला का जी?" मी म्हणायचो, "जळला. शेवटचा जळतेच." मग तिने विचारणं सोडलं. उभं राहणं सोडलं नाही. मी समजलो, हिला काय समजते.

पुढे कार्डाचा कॅमेरा आला. हजार फोटो मावतात, रिळाची कटकट नाही, धान मोजायची गरज नाही. तिचे गुडघे गेले होते, लग्नाला येणं बंद झालं होतं. एक दिवस मी म्हणालो, "ये वो, उभी राहा, काढतो तुहा." म्हणाली, "आता काय काढता? दात बी गेले." मी कॅमेरा खाली ठेवला. जन्मभर तिचं काही ऐकलं नाही, हे एक ऐकलं.

खाटेवर बसून डबीतलं धान चादरीवर ओतलं आणि मोजलं. छत्तीस. पुन्हा मोजलं. छत्तीस. तिसऱ्यांदा एकेक बोटाने सरकवून मोजलं. तेवढंच.

सदतीसावं धान तिने कधी ठेवलंच नव्हतं. माझ्या शब्दावर भरोसा असता तर ठेवलं असतं. इतक्या वर्षांत एक धान जास्तीचं बांधायला तिला काय जड होतं? जो खटका ऐकून ती दुसऱ्यांचे फोटो मोजायची, तो आपल्या वेळी वाजत नाही, हे तिला पहिल्याच दिवशी समजलं असेल. बहिरी होती का ती? मीच गाढव होतो.

रडलो. घरात कोणी नव्हतं आणि असतं तरी रडलो असतो.

मग बॅग पाच मिनिटांत भरली. कार्डाचा कॅमेरा, त्याला रोजचा लावून. एक बॅटरी. ती डबी. फ्लॅश घरच्या पेटीत टाकून पेटीला कडी घातली. नवा तांदूळ भाजायला बसलो तर करपला. करपलेलाच बांधला. गाठ काही तिच्यासारखी बसली नाही.

आसगावला पोचलो तेव्हा साळा अंगणात उन्हात खाटेवर बसला होता. डोळ्याला दवाखान्याचा हिरवा चष्मा. मला पाहून म्हणाला, "जवाई, तुमी लय म्हातारे झाले जी. दिसत नव्हतं तेच बरं होतं." सुनेने पाणी आणलं. माझं पूर्ण पिऊनही झालं नव्हतं, तोच त्याने हात पुढे केला.

"आणला का?"

"नाही."

"इसरले? सेल इसरले तसे?" म्हणजे ही गोष्ट इथपर्यंत पोचली होती.

"इसरलो नाही. हायच नाही माह्यापाशी."

त्याने चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. मग मी सगळं सांगितलं. सदतीसावा फोटो, खाली फ्लॅश, सरपंच, सगळं. काही झाकलं नाही. बोलणं झाल्यावर डबी त्याच्या हातात दिली, कारण दुसरं द्यायला काही नव्हतं. त्याने धान तळहातावर घेतलं, डोळ्याजवळ नेलं.

"लुचईचं धान हाय," म्हणाला. "आमच्याच बांधीतलं. आता कोणी पेरत नाही हे." मग मूठ मिटली. मला वाटलं, आता शिव्या देते. द्यायलाच पाहिजे होत्या.

"मले माहीत होतं जी," तो म्हणाला. "दिवाळीले येये तं सांगे. म्हणे, दादा, सप्पायच्या फोटोचा खटका वाजते, माह्या फोटोचा वाजतच नाही."

"मंग उभी काहून राहे?"

"मीनं बी तेच इचारलं. म्हटलं, येडी हायेस का वो, खाली उजेडात उभी राहतेस. तं हासली. म्हणे, राहू दे न दादा. दिवसभर हे लोकायच्या नवरीकडं पाह्यतेत. तेवढा येळ तं माह्याकडं पाह्यतेत."

सून दाळ शिजली का पाहायला आत गेली. मी बॅगेची चेन उघडत आणि लावत राहिलो.

"बसले काय?" साळा म्हणाला. "माहा काढता का मी बी जळलो?"

मी उठलो. त्याने चष्मा उशीखाली ठेवला, धोतर सारखं केलं, पाण्याच्या हाताने उरलेले केस मागे घेतले. एका मुठीत धान होतं, दुसऱ्या हातात डबी, ते ठेवायचं त्याच्या ध्यानात नव्हतं. मी कॅमेऱ्याला डोळा लावला. ऊन चांगलं होतं, फ्लॅशची गरज नव्हती. त्याने मान थोडी वाकडी केली.

नाक तेच. हनुवटी तीच. मला हे चाळीस वर्षांत कधी दिसलं नव्हतं. मी बटणावर बोट ठेवून पाहतच राहिलो.

"झोपले का जी?" तो म्हणाला.

मी बटण दाबलं.

"वाजला," साळा म्हणाला, आणि मुठीतलं एक धान त्याने डबीत टाकलं.