फराळाच्या डब्यात वाईन

आमच्याकडे पाटीवर ‘वाईन शॉप’ लिहितात आणि आत वाईन सोडून सगळं ठेवतात. उल्हासनगरच्या एका सिंधी दुकानदाराकडे मात्र वरच्या फळीवर चार-दोन बाटल्या धूळ खात असायच्या. त्या आम्हीच संपवायचो. आम्ही म्हणजे मी आणि माझी बायको.

दोन हजार सालानंतर कधीतरी मुलाला कंपनीतून दिवाळीला एक बाटली मिळाली. मुलगा पीत नाही. बायकोने घोटभर चाखली, तोंड वाकडं केलं. म्हणाली, "कोकम सरबत बिघडलंय." आणि पेला पुढे केला, "ओता अजून थोडं."

तेव्हापासून दसरा झाला की आमचा सीझन सुरू. दिवाळीत चकलीबरोबर लाल. नाताळात तळलेल्या बांगड्याबरोबर पांढरी. मधले मार्गशीर्षातले गुरुवार बंद, तिचा उपास. बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठामागे ठेवायची. फ्रिजमध्ये नाही, शेजारणीने उघडला तर?

निवडायची तीच. मी दुकानात, ती रस्त्यापलीकडे बांगडीवाल्यापाशी. मी बाटली उंच धरायचो, ती मान हलवायची. इंग्रजी दोघांनाही येत नाही. तिचं एकच, चित्रात द्राक्षं पाहिजेत. नाहीतर आत काय घातलंय कुणास ठाऊक!

मग एका वर्षी ती श्रावणात गेली. घरात दिवाळी नाही, कढई चढायची नाही, रीतच आहे. समोरच्या दारच्या वहिनी फराळाचा डबा देऊन गेल्या. खाल्ला, डबा घासला आणि अडलो. आमच्या घरून डबा रिकामा परत जात नाही. बायकोचा नियम. काही नसलं तर ती चिमूटभर साखर घालायची. पण दुखवट्याच्या वर्षी गोड कसं द्यायचं? आणि रिकामा दिला तर ती गेली आणि तिचं घरही गेलं.

गेलो अंबरनाथहून उल्हासनगरला.

"साईं, आज अकेले? चाची किधर?"

"चाची नहीं रही."

तो स्वतः स्टुलावर चढला, बाटल्या पुसून समोर मांडल्या. मी सवयीने एक उंच धरली. पलीकडे एक पोरगी बांगड्या भरत होती, ती माझ्याकडे बघत बसली. मी हात खाली घेतला. द्राक्षंवाली घेतली.

डब्यात बाटली आडवी मावेना. उभी ठेवली, वर रुमाल बांधला.

"भावोजी, हे काय?"

"डबा रिकामा द्यायचा नाही."

"अहो, पण दारू?"

"वाईन. तुमच्या ताईच प्यायच्या."

"आमच्या ताई? गुरुवार करणाऱ्या?"

"गुरुवार सोडून."

वहिनी इतक्या हसल्या की त्यांचा नवरा बनियनवर बाहेर आला. मग पदर डोळ्याला लावला. माझंही तेच झालं. संध्याकाळपर्यंत सगळ्या जिन्याला कळलं. ती असती तर मला सोललं असतं.

दोन-चार दिवसांनी डबा परत माझ्या दारात. भरलेला, चकल्यांनी.

"ह्यांना आवडली," वहिनी म्हणाल्या. "विचारतायत, नाताळाला ती पांढरी मिळेल का?"

"तुम्हाला नाही आवडली?"

"मी कुठे नाही म्हटलं?"

"मग दोघंही चला माझ्याबरोबर," मी म्हटलं. "बांगडीवाल्यापाशी कुणीतरी उभं राहायला लागतं."