भात शिजेपर्यंत

सहादूने आयुष्यात कुणाचं वाईट केलं नाही, फक्त कुणाचं बोलणं पुरं होऊ दिलं नाही.

एसटीत एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची एकोणीस नाशिकच्या स्टँडवर कंट्रोलर म्हणून. वेळ झाली की शिट्टी. मग खिडकीशी उभी राहून कुणी आई सासरी निघालेल्या लेकीला काही सांगत असो, की पेठचा एखादा म्हातारा पायरीवर पाय ठेवून पिशवी सावरत असो, शिट्टी वाजली म्हणजे गाडी हलली. घरीही तोच खाक्या. तेजस्विनी ही त्याची एकुलती एक मुलगी. ती लहान असताना पाळीला निघण्याआधी तो तिला मांडीवर घेऊन गोष्ट सांगायचा. सांगायचा मोठी रंगवून, पण आठला दहा कमी झाले की गोष्ट असेल तिथं टाकून चपला पायात. दुसऱ्या दिवशी राहिलेलं पुरं करायचं सोडून नवीच काढायचा. एकदा धनगराची पोर शेळी काढायला विहिरीत उतरली होती, ती उतरलीच.

असा माणूस निवृत्त झाल्यावर गाण्याच्या मंडळात कशाला शिरला, असं तुम्ही विचाराल. गाण्यातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. पण 'तिसरा रविवार' या मंडळाला गाणं कळणारी माणसं पुष्कळ होती, घड्याळ कळणारं एकही नव्हतं. शाळेत शिकवणारी भाग्यश्री, एक दातांचा डॉक्टर, फुलबाजारातले दोघे भाऊ आणि असेच आणखी आठ-दहा जण पदरमोड करून ते चालवत. गावोगावचे गाणारे-वाजवणारे हुडकायचे, महिन्याच्या तिसऱ्या रविवारी त्यांना शहरात आणायचं, जाण्यायेण्याचं बघायचं, पोटभर जेवू घालायचं आणि चार माणसं जमवून मन लावून ऐकायचं. एवढंच काम. हार-शाली नाहीत, भाषणं नाहीत. सहादूकडे एक पितळी घंटा आणि कागदावर लिहिलेल्या वेळा. घंटा वाजली की गाणाऱ्याने उठायचं, मग तो कितीही रंगात असो. लोक कुरकुरत, पण ऐकत.

आणि हॉलही त्याच्याच शब्दावर मिळाला होता. मखमलाबाद रोडला वाल्मीकरावांचा पूर्वी भाजीचा मळा होता, आता तिथं लॉन्स आहेत आणि मागे एक हॉल. वाल्मीकराव म्हणजे तेजस्विनीचे सासरे, सहादूचे व्याही. तिसऱ्या रविवारी चार ते सात हॉल त्यांनी फुकट दिला, चावीही सहादूकडे ठेवली. अट एकच, सातला हॉल रिकामा. पण संक्रांतीच्या महिन्यात वीस मिनिटं उशीर झाला, आणि मार्चमध्ये जागरण घालणारे असे रंगले की अर्धा तास गेला. तेव्हा सहादू तापाने घरी पडला होता, पण हे ऐकतो कोण. त्या रात्री जेवताना वाल्मीकराव सुनेला सगळ्यांसमोर म्हणाले, "तुझ्या वडिलांनी स्टँडवर नक्की काय केलं गं एवढी वर्षं?"

तेजस्विनीने फोन केला. रडली नाही, पण आवाज कोरडा होता. "पप्पा, तुमच्या मंडळापायी मला बोलणी बसतात. आता पुन्हा नको."

सहादू दुसऱ्याच दिवशी व्याह्यांकडे गेला आणि म्हणाला, "सातला एक मिनिट वर झालं तर चावी तुमच्या हातात देईन, पुन्हा मागणार नाही."

"लक्षात ठेवा म्हणजे झालं," वाल्मीकराव म्हणाले.

त्यानंतरचा हा पहिला तिसरा रविवार. त्याच संध्याकाळी साडेसातला हॉलमध्ये वाल्मीकरावांच्या ओळखीतल्या घरचा साखरपुडा होता. सहादू दुपारी तीनपासून येऊन बसला होता, आणि सव्वासहापर्यंत सगळं रुळावर होतं. शेवटचा कार्यक्रम पुंजाबाबांचा, पेठच्याही पलीकडल्या पाड्यावरून आलेल्या सत्तरीच्या म्हाताऱ्याचा. काशाच्या थाळीत मधोमध मेण लावून त्यात एक काडी उभी करायची, आणि बोटांनी ती काडी वरून खाली ओढत राहायची. थाळी भुंग्यासारखी घुमू लागते, त्या घुमण्यावर कथा गायची. ही कथा येणारा त्या भागात आता हा एकच उरला आहे, असं भाग्यश्री महिनाभर सांगत होती. सहादूने फोनवर फक्त विचारलं होतं, "बाबा, वेळ किती लागंल?"

"भात शिजेपर्यंत," पुंजाबाबा म्हणाले होते.

सहादूने घरचा कुकर डोळ्यांसमोर आणला, वर पाच मिनिटं धरली आणि कागदावर पंचवीस मिनिटं लिहिली. सहा चाळीसला संपेल, वीस मिनिटांत खुर्च्या लावून हॉल झाडून होईल.

पुंजाबाबांनी थाळी मांडली, मेण दाबलं आणि मान वर करून विचारलं, "हुंकारा कोण देतो? माझा भाऊ बारकू देतो, तो तापानं पडलाय."

भाग्यश्रीने इकडेतिकडे पाहिलं. सगळ्यात जवळ सहादू बसला होता, घंटा टेबलावर ठेवून. "सहादूभाऊ, बसा ना तुम्ही. नुसतं हं म्हणायचंय."

नुसतं हं म्हणायला काय जातं, म्हणून सहादू मांडी घालून समोर बसला. म्हाताऱ्याने त्याच्या तळहातावर एक सुपारी ठेवली आणि मूठ मिटवली. "आता उठायचं नाय. हुंकारा तुटला तर कथा तुटती, आन् कथा आर्धी टाकली तर तिच्यातली माणसं वाटंतच राहत्यात. त्यांना ना फुडं जाता येत, ना मागं."

सहादूने मान डोलावली. मग पुंजाबाबा लोकांकडे वळले. "आमच्याकडं दहाव्याच्या जेवणाला सगळ्या पाड्याचं पातेलं चुलीवर चढतं, चार माणसं लागत्यात उचलायला. ते चढलं की कथा धरायची. भात शिजला की सोडायची."

सहादूला आपला हिशेब चुकल्याचं उमगलं. चार माणसांनी उचलायचं पातेलं, ओली लाकडं, दोनशे माणसांचा भात. त्याने घड्याळाकडे पाहिलं, पण तोवर काडीवरून बोटं फिरायला लागली होती.

कथा सात भावांच्या एका बहिणीची. दुष्काळात घरातलं नागलीचं, म्हणजे नाचणीचं, बी संपलं. भाऊ खचून बसले, म्हणून सात डोंगरांपलीकडे बी आणायला ती निघाली. दर डोंगरावर एक राखणदार, तो काहीतरी मागणार, ते दिल्याशिवाय पुढची वाट नाही. पहिल्याने तिच्या पायातले वाळे मागितले.

"हं," सहादू म्हणाला.

सहा चाळीसला ती दुसऱ्याच डोंगरावर होती. सहादूने हिशेब केला, अजून पाच डोंगर बाकी. घंटा हातभर अंतरावर होती. उठायचीही गरज नव्हती, नुसता हात लांब करायचा. मागच्या दारातून मांडववाले डोकवायला लागले. भाग्यश्री भिंतीशी उभी राहून मनगटावर बोट ठेवून खुणा करत होती, आणि दुसऱ्या क्षणी स्वतःच ऐकण्यात गुंगत होती. असली माणसं मंडळ चालवतात.

तिसऱ्या डोंगराने तिचे केस मागितले. सात वाजले तेव्हा ती चौथ्याच्या पायथ्याशी होती, आणि दारात वाल्मीकराव येऊन उभे राहिले. पांढरे कपडे, हाताची घडी. साखरपुड्याची माणसं त्यांच्या पाठीमागे जमत होती, आणि त्यांचंही काही चुकत नव्हतं. दिलेला शब्द त्यांनाही पाळायचा होता.

सहादूचा हात टेबलाकडे गेला. बोटं घंटेच्या दांड्याला लागली. म्हाताऱ्याचे डोळे मिटलेले, गळ्याच्या शिरा ताठ. चौथा राखणदार बहिणीला म्हणत होता, मला तुझं नाव दे, मग तुला कुणी हाक मारणार नाही.

सहादूने हात मागे घेतला. पंचवीस मिनिटं त्यानेच लिहिली होती, म्हाताऱ्याला पुन्हा एक शब्द विचारायची तसदी न घेता. स्टँडवरची सवय. पण खरं कारण तेवढंच नव्हतं. साठ वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा त्याला पुढं काय झालं ते ऐकायचं होतं.

"हं," तो म्हणाला. आवाज जरा फाटला.

मांडववाल्यांनी मागच्या रांगेच्या खुर्च्या उचलायला सुरुवात केली. ऐकणारे उठले आणि पुढे येऊन फरशीवर बसले. वाल्मीकरावांनी मान वळवून कुणाला तरी सांगितलं, "जा, तूच सांग तुझ्या वडिलांना."

तेजस्विनी माणसांतून वाट काढत आली. साखरपुड्यासाठी नेसलेली जरीची साडी, चेहरा दगडासारखा. ती वडिलांच्या शेजारी वाकली. "पप्पा, उठा."

सहादूने तिच्याकडे पाहिलं. बोलता येत नव्हतं. मूठ मिटलेली होती, समोर बहीण पाचव्या डोंगराचा कडा चढत होती.

"पप्पा, सगळे बघतायत."

"हं," सहादू म्हणाला, पण ते तिला नव्हतं.

तेजस्विनी सरळ उभी राहिली. तिने टेबलावरची घंटा उचलली आणि वाजवली.

म्हाताऱ्याची बोटं थांबली. थाळीचं घुमणं हळूहळू विरलं आणि काडी कलली. हॉलमध्ये शंभरेक माणसं होती, पण खुर्ची सरकल्याचा आवाज नाही. पुंजाबाबांनी डोळे उघडून आधी घंटेकडे, मग सहादूकडे पाहिलं. दारात वाल्मीकरावांनी सुटकेचा श्वास टाकून हाताची घडी सोडली. आता सहादूने उठायचं, सगळ्यांची माफी मागायची, की झालं. लेकीची लाज राहत होती, हॉल राहत होता, चावीही.

त्याने लेकीच्या हातातल्या घंटेकडे पाहिलं. ही शिट्टी त्याचीच होती. तिला ती त्यानेच शिकवली होती.

"हं," सहादू म्हणाला. म्हातारा हलला नाही, तेव्हा पुन्हा, मोठ्याने, "हं. फुडं, बाबा."

पुंजाबाबांनी काडी उभी केली, मेण अंगठ्याने दाबलं. तेजस्विनीचा चेहरा लालबुंद झाला. दाराकडे जायचं तर सासरे होते, थांबायचं तर बाप. ती होती तिथंच, घंटा मांडीवर घेऊन, खाली बसली.

कथा सहाव्या डोंगरावर पोचली तेव्हा हॉलच्या मागच्या भिंतीवर झेंडूच्या माळा चढत होत्या. सातव्यावर बहिणीजवळ देण्यासारखं काही उरलं नव्हतं. तेव्हा राखणदार म्हणाला, तुझ्याजवळ काही नाही, मग तुला अडवायचं कशासाठी? आणि त्याने तिच्या ओंजळीत बी ओतलं. परतीच्या वाटेवर ज्याने जे घेतलं होतं ते त्याने परत केलं, नाव शेवटी. घराच्या दारात भावांनी तिला त्या नावाने हाक मारली आणि पुंजाबाबांनी थाळीवर हात ठेवला.

सात चौतीस.

टाळ्या झाल्या की नाही, सहादूला आठवत नाही. साखरपुड्याची माणसं आत घुसली. नवऱ्या मुलाचा बाप वाल्मीकरावांना नको नको ते बोलला आणि त्यांनी खाली मान घालून ऐकून घेतलं. मग ते सहादूसमोर आले. आवाज चढवला नाही. "चावी, सहादूराव."

सहादूच्या एका मुठीत सुपारी होती. त्याने दुसऱ्या हाताने खिशातून चावी काढून दिली. "माझी चूक झाली, वाल्मीकराव. तुमच्या सुनेची नाही. तिनं घंटा वाजवली होती."

"बघितलं मी," ते म्हणाले आणि गेले.

भाग्यश्री पुंजाबाबांना जेवायला घेऊन गेली. पुढच्या महिन्यात मंडळ कुठं बसणार, हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि ज्याच्या शब्दावर ते इथं आलं होतं त्याच्या शब्दाला आता काही किंमत उरली नव्हती. सहादू मागच्या पायरीवर जाऊन बसला. थोड्या वेळाने साडी सावरत तेजस्विनी आली आणि एक पायरी सोडून बसली. घंटा अजून तिच्याजवळच होती.

"माझ्यासाठी तुम्ही कधी थांबला नाहीत," ती म्हणाली. "एकदाही नाही. आणि आज त्या बाबांसाठी थांबलात. तेही माझ्या सासरच्यांसमोर."

सहादूने मुठीतली सुपारी खिशात टाकली.

"ती धनगराची पोर अजून विहिरीतच आहे, पप्पा."

"कोणती पोर?"

त्याने खूप आठवून पाहिलं. विहीर नाही, शेळी नाही, काहीच वर येईना. लेकीकडे बघायची त्याला हिंमत झाली नाही. तो म्हणाला, "मला नाय आठवत गं. तुला आठवंल तेवढं सांग. पुढचं दोघं मिळून बघू."

आतून वाल्मीकरावांची हाक आली, "तेजस्विनी!"

तिने डोळे पुसले. घंटा पायरीवर आपल्या पलीकडे, त्याचा हात पोचणार नाही अशी ठेवली.

"गोष्ट संपली की येते, मामा," ती तिथूनच म्हणाली, आणि वडिलांकडे वळली. "तर एक होती धनगराची पोर."

"हं," सहादू म्हणाला.