वॉर्डातला आवाज

"थांबा, आधी हवेत काय चाललंय ते बघू." वायफायची तक्रार ऐकली की ते इंजिनिअर तळहात वर करून एवढंच म्हणायचे. मग लॅपटॉप उघडून स्क्रीन बघत बसायचे.

खोपटच्या आमच्या हॉस्पिटलात वायफायचं काम बघायला ते विठ्ठलवाडीहून यायचे. पन्नाशी उलटलेली, शर्टाच्या खिशात दोन पेनं. मी तिथल्या कॉम्प्युटर विभागात. सगळ्या वॉर्डांतल्या वायफायच्या डब्यांनी कुठलं चॅनल, म्हणजे हवेतला कुठला मार्ग, वापरायचा हे ठरवणारा कंट्रोलर त्यांनीच बसवला होता.

एकदा दुपारच्या शुगरच्या नोंदी टॅबवरून गायब व्हायला लागल्या. एका पेशंटचं इन्सुलिन तासभर लांबलं. पेशंट सुखरूप राहिला, पण कंत्राटावरच्या सिस्टरला नोटीस आली. "मी भरलेलं हो सगळं," एवढंच ती सांगत राहिली. टॅब अडकला की ती वेळ कागदावर टिपून ठेवायची. ते कागद तिने त्यांच्यापुढे ठेवले.

ते तीन दिवस वॉर्डात स्टुलावर बसले. कागदावरची वेळ आणि कंट्रोलरची नोंद, एकेक ओळ जुळवत. दोन्ही नेमक्या जेवणाच्या सुट्टीत जुळत होत्या. शेवटी ते पॅन्ट्रीत गेले. तिथल्या मावशी मायक्रोवेव्हमधून भाताचा डबा गरम करून काढत होत्या.

"मावशी, तो डबा परत गरम करा ना."

"अहो, भाताचा दगड होईल!"

"मग कपभर पाणी ठेवा."

मायक्रोवेव्ह सुरू झाला, त्याच्या लहरींनी हवेत गडबड झाली, आणि स्क्रीनवर वॉर्डातल्या वायफायच्या डब्यांची चॅनलं पटापट बदलली. प्रत्येक बदलाला टॅब क्षणभर तुटत होते. तेवढ्यात भरलेली नोंद हवेतच जिरत होती.

"म्हणजे दोष मायक्रोवेव्हचा," मी सुटकेने म्हणाले.

"नाही मॅडम. जरा खुट्ट झालं की चॅनल बदल, हे मीच सांगून ठेवलंय कंट्रोलरला. बसवताना मला वाटलं, जितकं सावध तितकं चांगलं."

त्यांनी सेटिंग बदललं. थोड्या वेळाच्या गडबडीकडे दुर्लक्ष करायचं आणि चॅनल बदलायचंच झालं तर पहाटे, वॉर्ड शांत असताना. मग तिथेच बसून व्यवस्थापनाला मेल लिहिला: चूक माझ्या सेटिंगची, सिस्टरची नाही.

"सर, तुमच्या कंपनीला काय वाटेल?" मी विचारलं.

"वाटू दे. तिची नोकरी जाईल हो."

नोटीस मागे घेतली गेली. सिस्टरने त्यांना फोन केला, तेव्हा मी त्यांच्या शेजारीच होते. ते म्हणाले, "तुम्ही वेळा लिहून ठेवल्यात म्हणून सापडलं. नाहीतर मला माझी चूक कधी कळलीच नसती."

तुम्हालाही असं एखादं माणूस भेटलं असेल. मला एकच भेटलं.

पुढच्या महिन्यापासून कंपनीने त्यांना आमच्याकडे पाठवणं बंद केलं. नवीन इंजिनिअर आला, चुणचुणीत. कंट्रोलर तपासताना म्हणाला, "मॅडम, हे जुनं लॉगिन काढून टाकू ना?"

नियमाने काढायलाच हवं होतं. मी हो म्हणाले. यादीतून त्यांचं नाव गेलं, आणि खालची ओळ वर सरकली.