जावईबापूंचा बिनवासाचा सूट

आमचे जावई सत्यजितराव नागपूरचे. इंजिनिअर होऊन अमेरिकेत आले त्याला तेवीस वर्षं झाली. ओहायोमधल्या डब्लिन गावात घर आहे, विमा कंपनीत कॉम्प्युटरचं काम आहे, माझी लेक नीला आहे आणि सोळा वर्षांची इला आहे. माणूस निर्व्यसनी. एकच खोड. कुठलीही गोष्ट शिकायच्या आधी तिचं सामान विकत घ्यायचं.

नीलानं मागच्या अंगणात मेथी लावली, तर यांनी मातीत खुपसायचं यंत्र आणलं. ते यंत्र माती कोरडी आहे म्हणून रोज फोनवर कळवायचं आणि पाणी नीला घालायची. पोहायला जाणार म्हणून तीन प्रकारचे चष्मे आणले. पाण्यात पाय घातलेला मी तरी पाहिला नाही.

तर या माणसाला हरणाच्या शिकारीचा नाद लागला. मॅरिसव्हिलच्या पलीकडे डेल यॉडर नावाचा म्हातारा शेतकरी आहे, साधारण माझ्याच वयाचा. त्याच्या सोयाबीनमध्ये हरणं पडतात आणि कोवळं पीक शेंड्यापासून खातात. त्यानं सत्यजितरावांना कागदावर लिहून परवानगी दिली होती. इकडे तसा कागद खिशात लागतो. बंदूक नाही, बंदुकीसारखा दस्ता आणि चाप लावलेलं धनुष्य. दोन हंगाम हे शनिवार-रविवार झाडावर बसून आले आणि दोन्ही हंगाम हात हलवत आले.

मी बायकोला, पद्मिनीला घेऊन ऑक्टोबरात इथं आलो, तेव्हा डेलचं निर्वाणीचं सांगून झालं होतं. नोव्हेंबरअखेर यांचा थँक्सगिव्हिंगचा सण असतो, त्याच्या आधीच्या रविवारपर्यंत एक तरी मादी पाड, नाहीतर पुढचा कागद माझ्या पुतण्याला आणि त्याच्या मित्रांना देतो. म्हाताऱ्याचं काही चुकलं नव्हतं. पीक त्याचं जात होतं.

"जाऊ दे की," मी नीलाला म्हणालो. "मटण दुकानात मिळतं."

"मटणाचं नाहीये अण्णा," नीला हळू आवाजात म्हणाली. "तेवीस वर्षांत ऑफिसातल्या एकाही अमेरिकनानं त्याला घरी बोलावलं नाही. डेल बोलावतो. शेतातून आला की किचनच्या टेबलाशी बसवतो, कॉफी देतो, बायकोच्या आठवणी सांगतो. तो कागद गेला की ते टेबल गेलं."

हे ऐकून मी गप्प बसायला हवं होतं. पण तेवढ्यात तो सूट आला.

खोकं आलं आणि घरात मार्शल लॉ लागला. या सुटाच्या कापडात म्हणे कोळसा असतो, तो अंगाचा वास शोषून घेतो, हरणाला माणूस कळतच नाही. त्या पैशात नीलाचं नवं डिशवॉशर झालं असतं. वर बिनवासाचा साबण, बिनवासाचा शँपू, आणि सूट ठेवायला हवाबंद पिशवी. सूट वाळवायच्या मशिनमध्ये गरम केला की कोळसा पुन्हा ताजा होतो, असंही खोक्यातल्या माहितीपत्रकावर छापलेलं. मी चुलीपाशी वाढलेला माणूस. कोळसा ताजा करायला किती धग लागते ते मला विचारा. आतला टॉवेलसुद्धा करपत नाही, त्या मशिनमध्ये कोळसा काय ताजा होणार?

मग नियम निघाले. शुक्रवार ते रविवार फोडणी बंद. हिंगाचा डबा बेसमेंटमध्ये. देवापुढे उदबत्ती नाही.

"देवानं काय करायचं मग, तुमच्या साबणाचा वास घ्यायचा?" पद्मिनी म्हणाली.

"आई, तीन दिवसांचा प्रश्न आहे, प्लीज कोऑपरेट करा."

"बाबा, यू स्मेल लाइक अ वेट बॅटरी," इला म्हणाली.

"सत्यजित," नीला म्हणाली, "उकडलेले बटाटे मी आज खाल्ले. उद्या खाणार नाही."

मी आपला मजेत होतो. म्हटलं, "जावईबापू, आमच्या गावात बंडू नावाचा ऊसचोर होता. आवाज होऊ नये म्हणून वहाणा बांधावर काढून फडात शिरायचा आणि खोकला मात्र बरोबर न्यायचा. दर वेळी सापडायचा. तुमचा सूट अंगाचा वास धरील हो, पण तोंडातनं श्वास सुटतो त्याचं काय?"

"अण्णा, यामागे सायन्स आहे."

"बंडूपण तेच म्हणायचा."

ते उठून गॅरेजमध्ये गेले. त्यानंतर तीन दिवस आमच्यात 'मीठ द्या' एवढंच बोलणं होतं. बिनफोडणीच्या जेवणाला मीठ फार लागायचं.

शेवटचा शनिवार आला. सकाळी सत्यजितराव निघाले. आठवडाभर बिनवासाच्या साबणानं सकाळ-संध्याकाळ अंघोळी करून सर्दी झालेली, नाक चोंदलेलं. सूट पिशवीतच. तो शेतावर जाऊनच घालायचा.

अकरा वाजता गाडी परत आली. दार आपटलं. सूट त्यांनी स्वयंपाकघराच्या टेबलावर टाकला आणि त्यातून चार पांढऱ्या गोळ्या घरंगळत माझ्या बशीपाशी आल्या. डांबरगोळ्या! सगळ्या घरात लग्नाच्या शालूंच्या ट्रंकेचा वास सुटला.

"पाच हरणं होती!" सत्यजितराव ओरडले. "चाळीस पावलांवर! मान वर केली, पाय आपटले, नाकातून फुर्र केलं आणि गेली! शिडी उतरलो तेव्हा खिशातून ह्या पडल्या. कोणी केलं हे?"

"मी," पद्मिनी म्हणाली. तिच्या कपाळावर आठीसुद्धा नाही. "एवढा महागाचा कपडा. पिशवीत कोंडून ठेवलेला. कसर लागली असती म्हणजे? माझा शालू चाळीस वर्षं टिकलाय तो कशानं?"

सत्यजितराव खाली बसले. रागानं बोलणारा माणूस मला परवडतो. हे नुसते बसले. मग म्हणाले, "उद्या शेवटचा दिवस. ह्याचा वास महिनाभर जात नाही. संपलं."

इलानं गोळ्या वेचून बाहेर नेऊन टाकल्या.

मग मी विचारलं, "मागची दोन वर्षं गोळ्या नव्हत्या ना? तेव्हा हरणं का गेली?"

"तेव्हा सूट नव्हता."

"वारा कुठून असतो तिथं?"

"पश्चिमेकडून. मोस्टली."

"आणि हरणं?"

"उत्तरेच्या झाडीतून निघतात, शेत ओलांडून दक्षिणेला ओढ्याकडे जातात."

"आणि तुमचं झाड?"

त्यांनी टेबलावर बोट ओढून दाखवलं. हरणांच्या वाटेच्या पश्चिमेला. म्हणजे वारा आधी यांच्या अंगावरून जाणार आणि मग हरणांच्या नाकात.

"तेच झाड का धरलं?"

"तिथे गाडी जवळ लावता येते."

मी हसलो, हे माझं चुकलं. पण काय करू? आमच्याकडे करमाळ्याच्या माळावर काळवीट ज्वारीत पडायचे. मारायचे नाहीत, गोफणीनं हाकलायचे. पण हाकलायला जवळ तर यायला हवेत. वडील बिडी पेटवायचे, धूर कुठं जातो ते बघायचे आणि धूर जिकडं जाईल त्या अंगाला जाऊन बसायचे. काळवीट वीस पावलांवर कणसं खायचे आणि वडील बिडी ओढत असायचे. वडिलांनी जन्मात साबणाची वडी पाहिली नव्हती.

"उद्या मी येतो," मी म्हणालो.

"अजिबात नाही."

"मग जा एकटे, पुन्हा त्याच झाडावर बसा."

नीला म्हणाली, "सत्यजित, अण्णांना ने." तिच्या आवाजात असं काही होतं की त्यांनी मान हलवली, पण माझ्याकडे बघितलं नाही.

रविवारी त्यांनी जुनं जाकीट घातलं. वर्षानुवर्षं किचनच्या खुंटीवर टांगलेलं, त्यात आमच्या नीलाच्या सगळ्या फोडण्या मुरलेल्या. शेताच्या कडेला मला वाळलेली बोंडं दिसली. फोडली तर आतून पांढरी रेशमासारखी म्हातारी निघाली. आपल्या रुईचीच बहीण! एक म्हातारी मी हवेत सोडली. ती तरंगत पूर्वेला गेली.

"हे काय चाललंय?" ते कुजबुजले.

"तुमचं सायन्स."

हरणांच्या वाटेच्या पूर्वेला गवताच्या जुन्या गाठी रचलेल्या होत्या. त्यांच्या आडोशाला आम्ही जमिनीवर बसलो. थंडीनं माझी हाडं वाजत होती, पण मी हूं की चूं केलं नाही. दर थोड्या वेळानं एक म्हातारी सोडायची. दर वेळी ती आमच्या पाठीमागे जायची.

तासाभरानं तीन माद्या झाडीतून निघाल्या. सांडलेले दाणे टिपत टिपत आल्या. पुढची थांबली, नाक वर केलं, पश्चिमेचा वारा घेतला, त्या रिकाम्या झाडाकडे बराच वेळ बघितलं आणि पुन्हा खाली मान घातली. पंचवीस पावलं. जावईबापूंनी धनुष्य खांद्याला लावलं. मी तोंडावर हात धरून बसलो, कारण मला आयुष्यात पहिल्यांदा गोष्ट सांगायची नव्हती.

बाण सुटला. मादी साठ पावलं पळाली आणि पडली. फार वेळ तडफडली नाही. सत्यजितराव तिच्यापाशी जाऊन उभे राहिले आणि टोपी काढली. हे त्यांना कोणी शिकवलं ते मला माहीत नाही. मीही काढली.

दुपारी डेलच्या किचनमध्ये बसलो. त्यानं कॉफी ओतली, चष्मा लावला, नवा कागद पुढे ओढला आणि जावयांना विचारलं, हे जमलं कसं?

सत्यजितराव कपात बघत राहिले. मग म्हणाले, "विंड." आणि माझ्याकडे न बघता अंगठा माझ्या दिशेनं केला.

डेलनं मला नीट न्याहाळलं. शेतावर येणाऱ्या प्रत्येकाचं नाव कागदावर पाहिजे, म्हणाला, याचं नाव सांग.

आमचं नाव पांडुरंग, आडनाव वाघचौरे. जावईबापूंनी एकेक अक्षर दातांतून काढून सांगितलं. डेलनं एकेक लिहिलं आणि खाली सही ठोकली.

परत येताना निम्म्या रस्त्यात त्यांनी विचारलं.

"पुढच्या नोव्हेंबरात तुम्ही इंडियात असाल ना अण्णा?"

"बघू की," मी म्हणालो. "कागदावर नाव आहे."