अभिप्रायाखालचे ‘येते’

त्या सकाळी अंकिताच्या संकेतस्थळावर एकोणीसशे माणसे येऊन गेल्याचे दिसत होते. आदल्या सबंध आठवड्यात अकरा आली होती. शुक्रवार पेठेतल्या तिच्या खोलीत मी माझी जुनी घोंगडी काठ बांधून घेण्यासाठी गेलो होतो. मोबाईलचा पडदा माझ्यापुढे धरून ती उभी होती, आणि तिच्या मुखावर हर्षाचा लवलेशही नव्हता.

मागच्या बाजूस खड्ड्यात पाय सोडून तिच्या सासूबाई, बजाबाई, मागावर बसल्या होत्या. सांगोल्याकडील हे मेंढपाळ कुटुंब. पोटासाठी शहरात आले, तेव्हा त्यांनी भांड्यांच्या आधी माग आणला. नवी पेठेतल्या दुकानदारांनी लोकरीची घोंगडी ठेवणे सोडले, तेव्हा दिवाळीपर्यंत गिऱ्हाईक न मिळाल्यास माग मोडायचा, असे घरात ठरले. त्यावर उपाय म्हणून अंकिताने संकेतस्थळ उभारले.

ते जगाच्या दृष्टीस पडावे कसे, हे तिला एका संगणकवर्गात शिकवले गेले. ज्यांचे ब्लॉग लोक वाचतात, त्यांच्या लेखाखाली अभिप्राय लिहावा आणि सोबत आपला दुवा ठेवावा, म्हणजे त्या लेखाचे वाचक आपल्याकडेही डोकावतात. वर्गातल्या इतरांनी एकच वाक्य शंभर ठिकाणी चिकटवले. अंकिताला ते रुचले नाही. परक्याच्या ओसरीवर जायचे तर त्याचे बोलणे आधी पुरते ऐकावे, ही तिची घरची रीत. ती रोज पाच लेख अथपासून इतिपर्यंत वाची, मनापासून दोन ओळी लिही, आणि शेवटी, शेजारणीच्या घरून उठताना म्हणावे तसे, लिही: ‘येते. तुमीबी या की.’ माझ्याही एका लेखाखाली ते शब्द उमटले होते. आमचा परिचय तिथूनच झाला.

आदल्या दिवशी मात्र ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ लावायची होती. ओल्या ताण्याला थांबणे ठाऊक नसते, म्हणून ती घाईत होती. खळीने चिकट झालेली बोटे पदराला पुसत तिने पाचवा लेख उघडला. बार्शीच्या महेश्वरी या शिक्षिकेने तो लिहिला होता. शीर्षक होते ‘बाबांचा रेडिओ’. पहिल्या परिच्छेदात वडील पहाटे उठून रेडिओचा कान पिळीत होते. तेवढेच वाचून अंकिताने लिहिले: ‘मॅडम, रेडिओचं लई आवडलं. थंडीत बाबांना मांडीवर घ्यायला आमची घोंगडी दाखवा. येते. तुमीबी या की.’

शेवटच्या परिच्छेदात वडील मंगळवारी निवर्तले होते.

कोणीतरी त्या अभिप्रायाचे छायाचित्र काढून पसरवले होते. ती एकोणीसशे माणसे घोंगडी पाहायला नव्हे, असे लिहिणारी बाई कोण, हे पाहायला आली होती. लोकांनी लिहिलेले अपशब्द तिला पुरते वाचवेनात.

“लई माणसं आली म्हणतीस, मग रडतीस का गं?” बजाबाईंनी विचारले.

अंकिताने सारे वाचून दाखवले. विणायचा धोटा सासूबाईंच्या हातातच राहिला. अभिप्राय आपल्या हाताने पुसता येत नाही, तो दुसऱ्याच्या घरी आहे, असेही तिने सांगितले. बजाबाईंचे ध्यान तिकडे नव्हते.

“मयताच्या घरात ‘येते’ म्हणालीस?”

“व्हय, आत्या.”

शोकगृहातून उठताना आपल्याकडे निरोप घेत नाहीत. पुन्हा येण्याची भाषा तिथे उच्चारूच नये, कारण पुन्हा यावे लागणे म्हणजे पुन्हा मृत्यू. जगाचे हसू त्या दोघींना एव्हाना दूरचे वाटत असावे. त्यांना हादरवले ते या एका शब्दाने.

“तितं लिहून गेलीस. आता पायांनी जा,” बजाबाई म्हणाल्या. “आन् घोंगडी नेऊ नगंस. दुकान वाटंल.”

दुसऱ्या दिवशी अंकिता एसटीने बार्शीला गेली आणि शिक्षिकाबाईंचे घर विचारत पोचली. पुढले तिनेच मला सांगितले. दार महेश्वरीबाईंनी उघडले. नाव ऐकताच त्यांचा हात कडीवरच थिजला. क्षणभर दार लोटून घेतील असे वाटले. मग त्या बाजूला झाल्या. दोघी जमिनीवर बसल्या. कोपऱ्यात रेडिओ होता, त्यावर वस्त्र घातलेले. चुकलं म्हणायला अंकिताचे तोंड उघडेना.

“तुमचं वाचून मी किंचाळले होते,” महेश्वरीबाई म्हणाल्या. “मग पुन्हा वाचलं. मग पुन्हा. बाबांना थंडी वाजेल असं म्हणणारं त्या दिवशी दुसरं कुणीच नव्हतं.”

शिव्यांची अंकिताने तयारी ठेवली होती, याची नव्हती. ती निरोप न घेता उठली, उंबऱ्याबाहेर चपला घातल्या आणि मागे न पाहता रस्त्याला लागली.

संध्याकाळी त्या कुप्रसिद्ध अभिप्रायाखाली महेश्वरीबाईंचे उत्तर उमटले: ‘अंकिता आज घरी आल्या होत्या. जाताना काही न बोलता गेल्या.’

एकोणीसशेंपैकी एकानेही घोंगडी मागितली नव्हती. त्या दोन वाक्यांनंतर आठवड्याभरात सात मागण्या आल्या, आणि दिवाळीला माग जागेवर होता. अंकिता आजही लोकांच्या लेखांखाली लिहिते. फक्त आता ती लेख उघडला की आधी शेवटचा परिच्छेद वाचते, आणि मगच वर जाते.